आकड्याचं आडनाव

चिनू, परवा फोनवर तू सांगत होतास की तुमच्या ऑफिसात चार जण एका नावावरून दिवसभर भांडले. नाव माणसाचं नव्हे, गावाचंही नव्हे. आकड्याच्या एका प्रकाराचं. ज्या आकड्यात दशांशचिन्हाची जागा आधीच ठरलेली असते आणि म्हणून ते टिंब लिहावंच लागत नाही, असा आकडा. तुम्ही प्रोग्रॅमची जी लायब्ररी लिहिता आहात तिच्यात असे आठ-दहा प्रकार आहेत आणि त्यांना काय म्हणायचं ते ठरेना. एक जण म्हणे, एकूण अंक किती ते नावात हवं. दुसरा म्हणे, टिंबानंतर किती तेवढं पुरे. तिसरी म्हणे, आकडा कशासाठी वापरायचा त्यावरून नाव द्या. आणि शेवटी तू म्हणालास, "जाऊ दे आजी, तुला कंटाळा येईल."

मी तेव्हा काही बोलले नाही, कारण तुझी बहीण जाई मागून ओरडत होती की पोळी करपली. पण हे भांडण मी मध्य प्रदेशातल्या बालाघाटात ऐकलेलं आहे. ऐकलेलं कसलं, त्यात मी एक बाजू घेतली होती आणि हरले होते. तेव्हा तुझ्या वडिलांचा जन्म व्हायचा होता आणि आमच्या ऑफिसातलं सर्वांत हुशार यंत्र हाताने दांडा फिरवून चालायचं.

माझी सवय सगळं क्रमाने सांगायची आहे हे तुम्हा दोघांना ठाऊक आहे. पण ज्यांच्याविषयी सांगते आहे ते गृहस्थ क्रमात बसत नाहीत, तेव्हा आठवेल तसं लिहिते.

ऑफिस कालव्यांच्या मोजणीचं होतं. नदीचं पाणी भाताच्या शेतांपर्यंत न्यायचं तर जमिनीचा चढउतार आधी मोजावा लागतो. मोजणीवाले दुर्बीण आणि पट्टी घेऊन बांधाबांधाने फिरत आणि वह्या भरून आकडे आणत. ते आकडे गुणून, भागून, ताळा करून पक्क्या रजिस्टरात चढवायचं काम आमच्या खोलीत चाले. त्या कामावरच्या माणसाच्या हुद्द्याचं इंग्रजी नाव 'कॉम्प्युटर' असं होतं. हसू नका. माझ्या नेमणुकीच्या कागदावर तेच छापलेलं होतं, आणि पुढे कंसात 'अस्थायी'. नागपूरहून बी.एस्सी. होऊन आल्यावर मला सहा महिन्यांसाठी घेतलं होतं. सहा महिन्यांनी साहेबांनी चांगला शेरा दिला तर कायम, नाहीतर घरी. घरी म्हणजे बाबांनी पाहून ठेवलेल्या स्थळाकडे. "शेरा काय येतो ते पाहू, मग बोलू," असं बाबा म्हणत, आणि त्यांना शेऱ्याची घाई माझ्यापेक्षा जास्त होती.

खोलीचे प्रमुख होते त्यांना सगळे गणकबाबू म्हणत. उंच, काटकुळे, बाराही महिने डाव्या हातावर छत्री. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "नाव?"

मी नाव सांगून पुढे आडनाव सांगू लागले. आमचं आडनाव गावात दोन पिढ्या कचेरीतलं म्हणून ओळखीचं होतं. ते सांगितलं की लोक खुर्ची पुढे करत. गणकबाबूंनी हात वर केला.

"बस. पुढचं नाही लागत. मानसाले आडनाव इचारू नये, बाई. आकड्याले इचारा. ज्या आकड्याले आडनाव नाही, तो माह्या रजिस्टरात बसत नाही."

मला वाटलं, म्हातारा विनोद करतो आहे. म्हातारे कसले, तेव्हा ते जेमतेम पंचेचाळिशीचे असतील.

तर त्यांचे नियम असे. रजिस्टरात टिंब लावायचं नाही, कधीच नाही. प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर त्या रकान्यातल्या आकड्यांचं आडनाव लिहायचं. आडनावात दोन शब्द: टिंबाच्या आधी घरं किती आणि नंतर किती. 'तीन-दोन' म्हणजे आधी तीन, नंतर दोन. त्या रकान्यात 04550 लिहिलं असेल तर पंचेचाळीस पूर्णांक पन्नास शतांश. घर रिकामं ठेवायचं नाही. "कोनी नसन त शून्याले बसवा. घर उघडं टाकून जाऊ नका." आणि मोठ्याने वाचताना पंचेचाळीस म्हणायचं नाही, शून्य, चार, पाच, पाच, शून्य, असं एकेका घराचं दार वाजवत जायचं.

टिंबाशी त्यांचं वैर का, हे त्यांनी मला दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सांगितलं. चहा ते रजिस्टरापासून तीन हात लांब, खिडकीत उभे राहून पीत.

"माशी," ते म्हणाले.

"माशी?"

"चहावर बसते, गुळावर बसते, मंग येऊन कागदावर बसते. अन् बसली का टिंब टाकून जाते. सरकारी टिंब अन् माशीचं टिंब, भिंगातून पाहा, फरक नाही. फुटाचा जमाना होता तवा एका गणकानं सडकेखालच्या मोरीची रुंदी काढली, बारा फूट. पक्क्या कागदावर बरोबर लिहिली. एक अन् दोनच्या मधात माशी येऊन बसली. नक्कल करनाऱ्यानं वाचलं एक पूर्णांक दोन. तेवढाच पाइप टाकला, वरून सडक झाली. पावसाळ्यात सारं पानी सडकेवरून. बेडूक आडवा गेला तरी अटकनार अशी मोरी." ते घोटभर चहा प्यायले. "माशीनं बांधली म्हून अजूनही तिले मक्खी-पुलिया म्हंतेत."

"मग त्या गणकाचं काय झालं?"

"काय होनार? त्यानं टिंब लावनं सोडलं."

खोलीत एक यंत्रही होतं. लोखंडी, काळं, वर अंकांच्या कळा आणि बाजूला दांडा. दांडा पुढे फिरवला की बेरीज, मागे फिरवला की वजाबाकी. यंत्राला टिंब कळत नसे. टिंब दाखवायला पितळेच्या चिमुकल्या खुणा होत्या, त्या गणकबाबूंनी काढून एका डबीत ठेवल्या होत्या. "सरकतेत," ते म्हणाले. "जे सरकते त्याच्यावर भरोसा नाही." उत्तर शून्याच्या खाली गेलं किंवा घरं संपली की यंत्रातली घंटी वाजे. घंटी वाजली की सगळ्यांनी हातातलं काम थांबवायचं आणि आडनाव तपासायचं. शेजारच्या खोलीतले लोक म्हणत, गणकबाबूंची पूजा चालली आहे.

हे सगळं मला फार बाळबोध वाटायचं. मी कॉलेजात शिकून आले होते. टिंब हे गणितातलं सुंदर, सुटसुटीत चिन्ह. ते माशीच्या भीतीने टाकून द्यायचं म्हणजे काय? शिवाय नावांवरून रोज वाद. तोच तुमचा वाद, चिनू. एके दुपारी तो पूर्ण रंगात आला होता तो जसा आठवतो तसा लिहिते.

आमच्याकडे एक वयस्कर ओव्हरसियर येत. जमिनीवर खुंट्या ठोकून खणणाऱ्यांना खोली आखून द्यायचं काम त्यांचं. पान खाऊन, टेबलाच्या कोपऱ्यावर बसून ते म्हणाले, "अरे बाबूजी, सीधा लिखो ना. उतार, गहराई, चौड़ाई. ये तीन-दो, एक-दो क्या लगा रखा है? पहाड़ा पढ़ा रहे हो?" पहाड़ा म्हणजे पाढे.

"उतार लिहिलं त काम समजलं," गणकबाबू म्हणाले. "घरं कोठं समजले? काल उतार फुटात होता, आज मीटरात आहे. काम तेच, घरं बदलले. जुनं पान हातात आलं त कोनत्या हिशेबानं वाचसान?"

मी म्हटलं, "मग नुसती टिंबानंतरची घरं सांगितली तर? आधी कितीही असोत. एक शब्द वाचेल."

"बाई, जेवाले किती मानसं येनार हे न इचारता तुम्ही भात टाकता का? यंत्रात घरं मोजके. आधीचे भरले का घंटी वाजते. वाजाच्या आधी मालूम पाह्यजे."

"मग एकूण किती तेवढंच सांगा."

"एकून पाच. मंग टिंब कोठं? पाचाईच्या मधात फिरत राहीन बिचारं, घर शोधत."

ओव्हरसियर हसून हसून खोकायला लागले. "और बाबूजी, बच्चे का नाम भी तीन-दो रखा है क्या?"

"नाही," गणकबाबू गंभीरपणे म्हणाले. "लेकराले नाव एकच ठेवलं. घरं त्याचे तो बांधन."

मी पुन्हा बेरजेला लागले. हरले म्हणते ती तेव्हा.

त्यांच्या घरीही हेच. मी एकदा रजिस्टर पोचवायला गेले तेव्हा त्यांच्या पत्नीने मला लाह्यांचा चिवडा दिला आणि दाराकडे पाहत हळूच म्हणाल्या, "बाई, याईचं घरीबी असंच हाय. काल म्हने, भाजीत मीठ एक-शून्य झालं, शून्य-एक पाह्यजे होतं. म्या म्हनलं, तुमी शून्य-शून्य खा." आतून गणकबाबूंचा आवाज आला, "हौ, ऐकून राह्यलो मी."

त्या घराची गोष्ट त्यांनीच मला सांगितली होती, हसत हसत. बालाघाटात बदली होऊन आले तेव्हा खोली शोधत फिरले. घरमालक नाव विचारी. हे आपलं आणि वडिलांचं सांगत. "आगे?" मालक विचारी. "आगे कुछ नहीं, दो घर का नाम है." मग खोली नेमकी कालच दुसऱ्या कोणाला दिलेली निघे. असं चार ठिकाणी झालं. पाचव्या ठिकाणी म्हातारी मालकीण बहिरी होती. तिने विचारलंच नाही. "देव नसन, पन बहिरेपन आहे," असं ते म्हणत. राजेगावच्या बाजूच्या एका खेड्यातलं त्यांचं बौद्ध कुटुंब. आडनाव कशासाठी विचारतात हे तुम्हा मुलांना माहीत नसेल तर चांगलंच आहे. मला माहीत होतं. आमच्या घरीही बाबांनी तीनदा विचारलं, "तुझ्या त्या गणकबाबूंचं आडनाव काय गं?" आणि तिसऱ्यांदा माझ्या लक्षात आलं की मी चार महिने रोज ज्यांच्यासमोर बसते त्यांचं आडनाव मला ठाऊक नाही आणि त्यावाचून माझं काहीच अडलेलं नाही. मी बाबांना तसं सांगितलं. त्यांनी वर्तमानपत्र उघडलं.

ते कोणालाही अरे-तुरे करत नसत. पाणी देणाऱ्या शिपायालाही "तुम्ही". शून्य काढायचे ते खालून वर, आणि वरच्या टोकाला अगदी बारीक गाठ मारायचे, पुरचुंडी बांधल्यासारखी. अर्ध्यावर उघडं राहिलेलं शून्य त्यांना सहन होत नसे. मी माझ्यापुरती त्या शून्याची नक्कल करून पाहिली होती, जमली नाही.

आणि त्यांच्या कपाटात एक लाल कापडाची वही होती. चुकांची वही. ऑफिसात मोठी चूक झाली की ती त्या वहीत लिहायची. ज्याच्या हातून झाली त्यानेच, स्वतःच्या अक्षरात. काय चुकलं, कसं चुकलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय. नाव मात्र लिहायचं नाही. "चुकीले नाव द्या, मानसाले नको," ते म्हणत. ती उघडायचा मान फक्त चुकणाऱ्याला, म्हणून मी ती कधी आतून पाहिली नव्हती. मी चुकणाऱ्यांतली नव्हते, असा माझा समज होता.

मग नवे साहेब आले. जबलपूरकडचे, तरुण, कडक इस्त्रीचे आणि मनाने वाईट नव्हते. सगळीकडे मीटर-सेंटिमीटर पक्कं व्हायचं होतं आणि त्यांना ते एका महिन्यात करायचं होतं. वरून छापील फॉर्म येणार होते, त्यात टिंब छापलेलंच असणार होतं. तुम्ही फक्त दोन्हीकडचे अंक भरायचे. साहेबांनी आमचं रजिस्टर पाहिलं, एका पानावर बोट ठेवलं आणि विचारलं, "ये 'चार-तीन' क्या है?"

"आडनाव, साहेब," गणकबाबू म्हणाले.

"किसका?"

"कॉलम का."

साहेबांनी रजिस्टर मिटलं. दुसऱ्या दिवशी टाइप केलेला हुकूम आला: रजिस्टरात मनाने ठेवलेली नावं आजपासून बंद. शिपायाने तो लई, म्हणजे खळ, लावून आमच्या खोलीच्या भिंतीवर, गणकबाबूंच्या खुर्चीच्या बरोबर मागे चिकटवला. गणकबाबूंनी तो वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "हुकूम आहे. बंद."

मला आनंद झाला. लपवत नाही. आता शहाण्यासारखं काम होईल, असं मला वाटलं.

पण छापील फॉर्म अर्धेच आले. लालबर्र्याच्या रस्त्याला एका गावाकडे जाणारा छोटा कालवा घाईचा होता, गावाला पुढच्या रोवणीच्या, म्हणजे भाताच्या लावणीच्या, आधी पाणी हवं होतं, आणि त्याच्या उताराचा फॉर्म त्या गठ्ठ्यात नव्हता. मी तो जुन्या रजिस्टरात लिहिला. जुन्या रजिस्टरात टिंब लावत नाहीत, म्हणून टिंब लावलं नाही. नव्या हुकुमाप्रमाणे नाव बंद, म्हणून नाव लिहिलं नाही. रकान्यात एकाखाली एक 025, 025, 025 असे सुंदर अक्षरात लिहिले आणि पान पाठवून दिलं. त्या दिवशी गणकबाबू तालुक्याच्या कामाला गेलेले होते.

आडनाव असतं तर ते 'शून्य-तीन' असतं: शंभर मीटरला पंचवीस सहस्रांश मीटर, म्हणजे अडीच सेंटिमीटर उतार. पाणी हळूहळू जाईल इतका. ओव्हरसियरांनी पान उचललं. फुटांच्या काळात उतार हजार फुटांवर मोजायचे आणि त्याचं आडनाव 'एक-दोन' असायचं, ते त्यांच्या डोळ्यांत वीस वर्षांचं बसलेलं. त्यांनी वाचलं, पाव मीटर. दहापट. आणि त्या हिशेबाने शेतात खुंट्या ठोकून आले.

चौथ्या दिवशी सकाळी खणणाऱ्या टोळीचा मेट, म्हणजे मुकादम, सायकलवरून ऑफिसात आला. पायाला गुडघ्यापर्यंत माती. दारातच उभा राहून त्याने विचारलं, "बाबूजी, एक इचारू का? पानी शेतात न्याचं हाय का जमिनीत पुराचं हाय?"

"काहून?" गणकबाबूंनी विचारलं.

"चारशे मीटर खनलं. सुरुवातीले नहर गुडघ्याएवढी व्हती. आता मानूस उभा केला त डोकंच दिसते. शेत वर, नहर खाली. गावातले म्हनून राह्यले, बाल्ट्या कोन देनार?"

गणकबाबूंनी पान मागवलं. पाहिलं. मग ते पान माझ्यासमोर टेबलावर ठेवलं आणि फक्त रकान्याच्या डोक्यावरच्या कोऱ्या जागेवर बोट टेकवलं. त्या आठवड्यात साहेब माझा शेरा लिहिणार होते.

दुपारी साहेब स्वतः आमच्या खोलीत आले. गणकबाबू, ओव्हरसियर, मी आणि मेट. साहेब टेबलापाशी बसले आणि म्हणाले, "चार दिन की खुदाई वापस भरनी पड़ेगी. गाँव वाले हँस रहे हैं. किसने किया?"

गणकबाबू आपल्या खुर्चीपुढे नाही, खुर्चीच्या मागे उभे होते. भिंतीला पाठ लावून, ताठ, हातावर छत्री. मला वाटलं, भीतीने. मग लक्षात आलं. ते बरोबर त्या हुकुमापुढे उभे होते. खांद्यापासून कोपरापर्यंत तो कागद त्यांनी झाकलेला होता, आणि एक कोपरा दिसत होता त्यावर छत्री टेकवली होती.

"साहब, कॉलम बेनाम था," ते म्हणाले.

"मैं आदमी का नाम पूछ रहा हूँ."

"आदमी का नाम नहीं लगता, साहब. गलती का नाम बताता हूँ. शून्य-तीन को एक-दो पढ़ा गया."

"बाबूजी, आप बैठ जाइए. बैठकर बात कीजिए."

"ठीक है, साहब. खड़ा ठीक हूँ."

"बैठिए."

"कमर में दर्द है, साहब. बैठने से बढ़ता है."

ओव्हरसियरांनी तोंड फिरवलं. त्यांच्या गालात पान होतं आणि ते हसू आवरत होते की घाबरले होते, सांगता येत नाही. खरं तर त्यांनी एवढंच म्हणायचा अवकाश होता, "हुजूर, हुक्म आपका था," की सगळी जबाबदारी भिंतीवर गेली असती. गणकबाबूंनी तर नुसतं एक पाऊल बाजूला व्हायचा अवकाश होता. ते करत नव्हते. का, हे मला तेव्हा कळलं नाही. ते मलाच वाचवत असते तर बाजूला झाले असते. नंतर उमगलं, ते कोणाचंच नाव त्या चुकीवर येऊ देत नव्हते, साहेबांचंसुद्धा.

साहेबांनी पेन काढलं. "ठीक है. ओव्हरसियर साहब, पढ़ा आपने था. आपकी रिपोर्ट जाएगी."

ओव्हरसियरांना निवृत्तीला थोडे महिने राहिले होते. त्यांचं हसू गेलं. मला बाबांचं स्थळ आठवलं, शेरा आठवला, आणि मग ते कोरं डोकं असलेलं पान. मी उभी राहिले.

"सर, पन्ना मेरा है. नाम लिखना चाहिए था. मैंने नहीं लिखा."

"क्यों नहीं लिखा?"

आता खरं उत्तर एकच होतं आणि ते भिंतीवर होतं. मी गणकबाबूंकडे पाहिलं. त्यांनी मान अगदी थोडी हलवली. नाही.

"मुझे लगता था, जरूरत नहीं है," मी म्हणाले. तेही खोटं नव्हतं.

मेट दारात एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला. साहेबांनी कपाळ चोळलं. मग एकदम गणकबाबूंकडे वळून म्हणाले, "बाबूजी, आप मेरे पिताजी की उमर के हैं. आप खड़े हैं तो मुझे अच्छा नहीं लगता. ये हुक्म समझिए."

हुकूम म्हटल्यावर इलाज नव्हता. गणकबाबूंनी छत्री टेबलावर ठेवली, खुर्ची ओढली आणि सावकाश बसले. मागचा कागद उघडा पडला.

साहेबांनी तो पाहिला. वाचला. स्वतःची सही पाहिली. ते पुन्हा वाचत होते हे मला त्यांच्या डोळ्यांवरून दिसत होतं. मग उठले, भिंतीपाशी गेले आणि नखाने कागदाचा कोपरा सोडवू लागले. लई पक्की होती, कागद तुकड्या-तुकड्याने निघाला. "फार्म पर भी लिखिए," ते भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले. "हाशिए में. नाम." हाशिया म्हणजे समास.

"टिंब बी अन् नाव बी?" गणकबाबूंनी विचारलं. "एकच गोष्ट दोनदा, साहब?"

"दोनों, बाबूजी."

"जी," गणकबाबू म्हणाले, पण त्यांना ते आवडलं नव्हतं.

साहेब गेल्यावर त्यांनी कपाट उघडलं आणि लाल वही माझ्यासमोर ठेवली. "ल्या. आज तुमचा मान."

रिकामं पान शोधायचं म्हणून मी वही पहिल्यापासून उलटायला लागले. पहिल्याच पानावर थांबले. मोरी. रुंदी बारा फूट. कागद रात्रभर टेबलावर उघडा राहिला. माशीचा ठिपका पडला. पाठवण्याआधी पुन्हा पाहिला नाही. उपाय: टिंब बंद. शाई तपकिरी झालेली. नाव नव्हतं. पण खाली पाइपाचं माप घरं भरून लिहिलं होतं आणि त्यातल्या शून्यांच्या वरच्या टोकाला बारीक गाठ होती, पुरचुंडी बांधल्यासारखी.

मी मान वर केली. गणकबाबू खिडकीत उभे राहून चहा पीत होते आणि कपावरची माशी हाताने हाकलत होते. "भेटलं का कोरं पान?" त्यांनी न वळता विचारलं.

"भेटलं," मी म्हटलं, आणि लिहायला बसले.

दुसऱ्या दिवशी माझ्या नोंदीखाली हिरव्या शाईत दोन ओळी आलेल्या होत्या, फॉर्म पुरे नसताना नावं बंद केल्याच्या. नाव नव्हतं. हिरवी शाई ऑफिसात एकाच माणसाकडे होती. शेराही त्याच शाईत आला. मी कायम झाले, आणि बाबांना स्थळाकडे पत्र लिहावं लागलं. कालवा परत भरून पुन्हा खणला. रोवणीच्या आधी पाणी पोचलं की नाही ते पाहायला आम्ही दोघं मेटच्या मागून बांधावरून गेलो होतो, गणकबाबू छत्री उघडून पुढे. पाणी अगदी हळू येत होतं, शंभर मीटरला अडीच सेंटिमीटर. ते वाकून त्याच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "शून्य-तीन."

तर चिनू, तुमच्या मीटिंगमध्ये हे सांग: आधी किती घरं आणि नंतर किती, दोन्ही नावात असू द्या. दुसऱ्या खोलीतून येणारा माणूस वीस वर्षांची सवय डोळ्यांत घेऊन येतो. तुझी ती सहकारी, कामावरून नाव द्या म्हणणारी, तिला नाराज करू नका. ओव्हरसियरही चांगले गृहस्थ होते. आणि एक वही ठेवा.

गणकबाबूंचं नाव मी इथे लिहिलेलं नाही, ते त्यांच्याच नियमाने. आडनाव तर मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्यांच्या हातचं शून्य अजून कुठे दिसलं, तर मी ओळखेन.